चालणाऱ्यांचे गाव कोणी राखले?

खालापूरच्या टोलनाक्यावरून जाणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पायी चालायला मनाई आहे. सायकल, मोटरसायकल, तीनचाकी रिक्षा, बैलगाडी यांनाही तिथे प्रवेश नाही. २००२ साली पूर्णपणे खुल्या झालेल्या सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या या रस्त्याचा हा पहिल्यापासूनचा नियम आहे. त्याच खालापूरच्या उत्तरेला माथेरानचा डोंगर उभा आहे. तो कर्जत तालुक्यात मोडतो, आणि तिथे दस्तुरी नाक्यावर बरोबर उलटा नियम लागू होतो : मोटारीने इथून पुढे जायचे नाही. रायगड जिल्ह्याच्या या डोंगराळ कोपऱ्यात हे दोन्ही कायदे एकमेकांच्या शेजारी नांदतात. एका ठिकाणी चालणारा माणूस बेकायदा ठरतो, दुसऱ्या ठिकाणी मोटार बेकायदा ठरते. पहिला नियम आपल्याला सवयीचा वाटतो आणि दुसरा मात्र गमतीचा, थंड हवेच्या ठिकाणाला शोभणारा वाटतो. इंग्रजांनी घालून दिलेली एक जुनी शिस्त उरली आहे, अशी माथेरानबद्दलची सर्वसाधारण समजूत आहे. ती मला मान्य नाही. माथेरान पायी राहिले ते वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या माणसांनी एकत्र येऊन, अर्ज करून, भांडून, न्यायालयात जाऊन ते तसे राखले म्हणून. आणि या राखण्यात एक मोठा अन्याय दीडशे वर्षे दडून राहिला होता. तो उघड केला तोही संघटित माणसांनीच. आपल्या गावात चालणे आणि सायकल चालवणे सुखाचे व्हावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी या दोन्ही गोष्टींत धडा आहे.

सुरुवात नेहमी ह्यू मॅलेट यांच्यापासून केली जाते. ठाण्याचे हे कलेक्टर मे १८५० मध्ये डोंगराच्या पायथ्याशी चौक गावी मुक्कामाला होते. तिथून ते वन ट्री हिलच्या बाजूने वर चढले, जागा त्यांना आवडली, आणि पुढे त्यांनी वर घर बांधले. यालाच माथेरानचा शोध म्हणतात. पण ज्या वाटेने ते चढले ती वाट आधीपासून होती. ठाकर, कातकरी आणि धनगर या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या चढत-उतरत होते. हा सगळा मुलूखच पायवाटांचा आहे. खांडसवरून शिडी घाटाने भीमाशंकर गाठणारे यात्रेकरू, कोंढाण्याच्या लेण्यांवरून राजमाचीला जाणारी वाट, उंबरखिंडीत १६६१ साली शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची केलेली कोंडी, या सर्वांमागे एकच गोष्ट आहे. घाटाखाली आणि घाटावर राहणाऱ्यांचा व्यवहार शतकानुशतके पायांनी चालला होता. मॅलेट यांच्यानंतर मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी माथेरानला उत्तेजन दिले. १८५६ मध्ये रेल्वे नेरळवरून खोपोलीपर्यंत गेली आणि मुंबईच्या साहेबांना, पारशी आणि बोहरी सावकारांना डोंगराचा पायथा काही तासांवर आला. वर जायला मात्र तट्टू, पालखी, डोली किंवा स्वतःचे पाय एवढेच मार्ग होते. पुढे त्यांत माणसाने ओढायच्या रिक्षाची भर पडली. म्हणजे पाहुण्यांच्या दृष्टीने हे गाव शांत आणि धूळरहित होते, आणि त्या शांततेचा भार कोणाच्या तरी खांद्यावर होता. त्या खांद्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये माथेरानच्या पॉइंटांची, झाडांची, झऱ्यांची वर्णने पानेच्या पाने आहेत. पाहुण्यांना वर आणणारे त्यात येतात ते सेवा म्हणून.

१९०५ साली माथेरानला नगरपालिका मिळाली आणि १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे वर पोचली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ मध्ये हाती घेतलेला हा दोन फुटी रुळांचा मार्ग जवळजवळ एकवीस किलोमीटरचा आहे. या दोन घटना एकत्र पाहिल्या पाहिजेत. नगरपालिकेमुळे गावाच्या रस्त्यांवर गावाचा अधिकार आला. रेल्वेमुळे वर येण्याचे असे साधन आले की जे अनेकांना एकदम आणते, बाजारात सोडते आणि तिथेच थांबते. पुढे प्रत्येकाने पायी जायचे. आज नगररचनेचे अभ्यासक जी व्यवस्था सांगतात, म्हणजे गावाच्या तोंडापर्यंत सार्वजनिक वाहतूक आणि आत पायी रस्ते, ती माथेरानमध्ये शतकापूर्वी उभी राहिली. ती कोणा दूरदर्शी योजनेतून आली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मोटारी सर्वत्र पसरण्याआधी गाव घडले होते, हे तिच्यामागचे साधे कारण आहे. पण मोटारींच्या आधी घडलेली गावे महाराष्ट्रात शेकड्यांनी होती. त्यांच्या पेठा, गल्ल्या, घाट, चावड्या मोटारींनी व्यापल्या. माथेरानची जांभ्या मातीची वाट तशी व्यापली गेली नाही, याचे कारण गावाच्या जन्मात शोधून सापडत नाही. ते नंतरच्या काळातल्या निर्णयांत शोधावे लागते.

त्या निर्णयांची पार्श्वभूमी समजण्यासाठी इथल्या संघटनेच्या परंपरेकडे पाहायला हवे, आणि त्या परंपरेचे सर्वांत मोठे नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचे आहे. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये नाभिक कुटुंबात जन्मलेले हे वकील भाई कोतवाल म्हणून ओळखले गेले. माथेरान नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले. नेरळ परिसरातील शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठाराची योजना राबवली, वाड्यांवर शाळा काढल्या, सावकाराच्या फासात सापडलेल्यांचे खटले चालवले. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. चालण्याच्या हक्काशी कोतवालांचा थेट संबंध जोडणे बळेच होईल, आणि मी तो जोडत नाही. मला सांगायचे आहे ते निराळे. हवा खायला आलेल्यांच्या या गावात कष्टकऱ्यांनी एकत्र यावे, नगरपालिकेत जावे, कायद्याची भाषा शिकावी आणि गरज पडली तर कायद्याशी झुंजावे, ही रीत इथे स्वातंत्र्यापूर्वीच रुजली होती. पुढच्या काळात हातरिक्षा ओढणाऱ्यांनी जे केले ते आकाशातून पडले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर नेरळहून मोटाररस्ता वर चढला आणि दस्तुरीपाशी थांबला. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर आहे. एवढ्या अंतरासाठी रस्ता पुढे नेण्याचा मोह कोणत्याही ठिकाणी अनावर झाला असता. लोणावळा, खंडाळा आणि महाबळेश्वरचे काय झाले ते आपल्यासमोर आहे. माथेरानवरही बांधकामाचा आणि पर्यटनाचा दाब वाढत होता. या दाबाला कायद्याचा बांध घालण्याचे काम मुंबईतल्या नागरिकांच्या एका संस्थेने हिरिरीने केले. श्याम चैनानी यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपची पद्धत चिवट होती : सरकारी कागद वाचायचे, निवेदने द्यायची, अधिकाऱ्यांच्या मागे लागायचे, आणि अखेर न्यायालयाचे दार ठोठावायचे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारने १९८९ मध्ये मुरूड-जंजिरा, १९९१ मध्ये डहाणू आणि २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी या भागांना संरक्षण दिले. त्याच मालिकेत ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. माथेरान नगरपालिकेच्या हद्दीत रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाडी वगळता वाहनांना मनाई, हे त्या अधिसूचनेत स्पष्ट लिहिले गेले, आणि अंमलबजावणीवर देखरेखीसाठी समिती नेमण्याची तरतूद झाली. जे इतके दिवस रीत म्हणून चालत होते त्याला आता केंद्रीय कायद्याचा आधार मिळाला. रीत एखाद्या ठरावाने मोडता येते. राजपत्रात छापलेली अधिसूचना मोडायची तर दिल्लीपर्यंत जावे लागते. माथेरानचे रस्ते मोटारीपासून वाचले त्यात या फरकाचा वाटा मोठा आहे.

यावर एक आक्षेप स्थानिकांकडून वारंवार घेतला गेला, आणि त्याला उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मुंबईच्या सुखवस्तू माणसांना शनिवार-रविवारी शांतता हवी, म्हणून इथल्या साडेचार हजार माणसांनी बारा महिने पायपीट करायची का? गॅसचा सिलिंडर, तांदळाचे पोते, बांधकामाची वीट, सगळे डोक्यावरून, घोड्यावरून किंवा हातगाडीवरून आणायचे का? आजाऱ्याने, गरोदर बाईने, म्हाताऱ्या माणसाने काय करायचे? या प्रश्नांत तथ्य आहे. पर्यावरणाच्या चळवळीने डोंगर वाचवला, पण डोंगरावर राबणाऱ्याच्या पाठीचा विचार तिने पुरेसा केला नाही. २००३ च्या अधिसूचनेने इंजिनाचे वाहन अडवले, आणि इंजिनाच्या जागी जो माणूस जुंपला जात होता त्याला मात्र तिथेच राहू दिले. हातरिक्षात एक जण पुढे ओढतो आणि चढावर मागून ढकलायला आणखी माणसे लागतात. गाव प्रदूषणमुक्त राहिले, त्या हवेत सर्वांत जोराने श्वास घ्यावा लागला तो रिक्षा ओढणाऱ्याला. पायी गावाची कल्पना जर एका माणसाने दुसऱ्याला ओढण्यावर उभी असेल, तर ती चालणाऱ्यांची व्यवस्था म्हणता येत नाही. चालण्याच्या हक्काचा अर्थ मुळात असा की माणूस आपल्या पायावर, आपल्या मर्जीने आणि मानाने फिरेल. हा हक्क पाहुण्याला आहे आणि मजुराला नाही, असे होऊ शकत नाही.

ही विसंगती मांडली ती हातरिक्षा ओढणाऱ्यांच्याच संघटनेने. श्रमिक रिक्षा संघटनेची मागणी ऐकायला साधी होती : आम्हाला ई-रिक्षा चालवू द्या. अडचण अधिसूचनेची होती. ई-रिक्षा बॅटरीवर चालत असली तरी ती वाहन आहे, आणि वाहनांना मनाई आहे. ज्या शब्दाने गावाचे रक्षण केले होते त्याच शब्दाने मजुराची सुटका अडवली होती. संघटनेने नगरपालिका, जिल्हा प्रशासन, राज्य सरकार असे सगळे उंबरठे झिजवले, आणि मग प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा चालवून पाहायला परवानगी दिली. डिसेंबर २०२२ मध्ये मोजक्या गाड्यांनिशी प्रयोग सुरू झाला. २०२४ मध्ये न्यायालयाने गाड्यांची संख्या वीसपर्यंत मर्यादित केली आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात असे बजावले. परवानाधारक हातरिक्षा चौऱ्याण्णव होत्या, त्यामुळे ही सुटका अपुरी होती. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. स्वातंत्र्यानंतर आणि राज्यघटनेनंतर इतक्या दशकांनी ही प्रथा चालू राहणे मानवी प्रतिष्ठेला बाधा आणणारे आहे, असे न्यायालयाने म्हटले. पंजाबमधील सायकल-रिक्षावाल्यांच्या १९८० सालच्या निकालाची, म्हणजे पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या आझाद रिक्षा पुलर्स युनियन खटल्याची, त्यात आठवण आहे. राज्य सरकारने ई-रिक्षा विकत घेऊन त्या मूळ हातरिक्षावाल्यांना भाड्याने द्याव्यात, उरल्या तर स्थानिक आदिवासी महिला आणि इतरांचा विचार करावा, गुजरातमधल्या केवडियाची ई-रिक्षांची पद्धत पाहावी, आणि निधी नाही ही सबब सांगू नये, असेही निकाल सांगतो. या निकालाचे वैशिष्ट्य असे की त्याने मोटारबंदीला हात लावला नाही. खासगी मोटार दस्तुरीलाच थांबते. बदल झाला तो गावात ज्यांना चालता येत नाही त्यांना कोण आणि कसे नेणार, या प्रश्नाच्या उत्तरात.

यावरचा दुसरा आक्षेप अश्वपालांचा आहे. माथेरानमध्ये साडेचारशेच्या आसपास घोडे आहेत आणि त्यांच्यावर पोट असलेली कुटुंबे आहेत. ई-रिक्षा आली की घोड्यावर कोण बसणार, हा त्यांचा प्रश्न. शिवाय धूप थांबवण्यासाठी रस्त्यावर जे पेव्हर ब्लॉक बसवले गेले त्यांवर घोड्यांचे पाय घसरतात, अशी त्यांची तक्रार. ही तक्रार न्यायालयात गेली, तज्ज्ञ संस्थांकडून ठोकळ्यांची आणि धुपीची तपासणी झाली, आणि ऑगस्ट २०२५ च्या निकालात मध्यममार्ग निघाला : दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर चालतील, आतल्या रस्त्यांवर नाही. अश्वपालांचा विरोध स्वार्थी म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण ते चूक आहे. त्यांच्या हरकतीमुळेच हे दिसले की एकच रस्ता पायी माणसाला, खुराला आणि चाकाला वेगवेगळ्या कारणांनी हवा असतो, आणि तो कशाचा बांधायचा हे एकट्या अभियंत्याने ठरवायचे नसते. मात्र त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग मला पटत नाही. घोड्याच्या धंद्याला संरक्षण हवे म्हणून माणसाने रिक्षा ओढत राहावी, असे म्हणता येत नाही. घोड्यावर बसणे ही हौस आहे आणि ती टिकेल. रिक्षा ओढणे ही लाचारी होती आणि ती संपायलाच हवी होती.

पायी गाव टिकवायला केवळ बंदी पुरत नाही, हे मार्च २०२५ मध्ये आणखी एका वाटेने सिद्ध झाले. दस्तुरी नाक्यावर उतरणाऱ्या पर्यटकांना काही दलाल चुकीची माहिती देत होते. पुढे फार चालावे लागते, रेल्वे नाही, ई-रिक्षा नाही, असे सांगून त्यांच्याकडून जादा पैसे उकळले जात होते. याविरुद्ध माथेरान पर्यटन बचाव संघर्ष समितीने १८ मार्चपासून बेमुदत बंद पुकारला. हॉटेलवाले, दुकानदार, रिक्षावाले आणि वेगवेगळ्या पक्षांचे कार्यकर्ते त्यात एकत्र आले, आणि प्रशासनाने हस्तक्षेप केल्यावर बंद मागे घेतला गेला. या आंदोलनाकडे स्थानिक धंद्याचे भांडण म्हणून पाहिले गेले. मला ते चालण्याच्या हक्काच्या इतिहासातले महत्त्वाचे पान वाटते. २००५ च्या जुलैमधील अतिवृष्टीने रेल्वेमार्ग वाहून गेला होता, तो २००७ मध्ये पुन्हा उभा राहिला. २०१२ पासून दस्तुरीजवळचे अमन लॉज स्थानक ते माथेरान अशी शटल सेवाही सुरू झाली. म्हणजे साधने उपलब्ध होती. तरीही वेशीवर कोणी खोटे सांगितले की चालणे अशक्य वाटू लागते आणि पाहुणा निमूटपणे पैसे मोजतो. वाट किती लांब आहे, चढ कुठे आहे, रेल्वे किती वाजता आहे, हे स्पष्ट लिहिलेला फलक आणि खरे सांगणारा माणूस हीसुद्धा पायवाटेइतकीच गरजेची गोष्ट आहे. त्या समितीने ती मागितली, आणि तिच्यासाठी ऐन कमाईच्या दिवसांत आपली दुकाने बंद ठेवली.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो डोंगराच्या उतारावरून येतो. माथेरानच्या खाली आणि आजूबाजूला ज्या आदिवासी वाड्या आहेत तिथली माणसे चालतात ती दुसरा इलाज नाही म्हणून. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता. भर पावसात, निसरड्या पायवाटेने, बचावपथकांना आणि मदतीला धावलेल्या गिरिप्रेमी तरुणांना चढून जावे लागले. यंत्रे वर नेता आली नाहीत, माती हातांनी उपसावी लागली. सत्तावीस मृतदेह मिळाले आणि सत्तावन्न माणसे कायमची बेपत्ता राहिली. अशा ठिकाणी पायी चालण्याचे गोडवे गाणे क्रूरपणा नाही का? आहे, जर आपण चालण्याची सक्ती आणि चालण्याचा हक्क यांत गल्लत केली तर. वाडीवर रुग्णवाहिका पोचेल असा रस्ता, धोक्याच्या जागेवरून वेळेत केलेले पुनर्वसन, पावसाळ्यात टिकणारी पायवाट, ओढ्यावरचा साकव, या मागण्या चालण्याच्या चळवळीच्या विरोधात जात नाहीत. त्या तिच्या यादीत सर्वांत वर असायला हव्यात. २००३ च्या अधिसूचनेनेही रुग्णवाहिकेला अडवलेले नाही. ज्याला रोज चालावेच लागते त्याची वाट आधी सुधारायची आणि ज्याला हौसेने चालायचे आहे त्याची नंतर, हा क्रम पाळला नाही तर पादचाऱ्यांची चळवळ शहरी पाहुण्यांची चळवळ होऊन बसते. माथेरानच्या इतिहासात पहिली दीडशे वर्षे तेच झाले होते.

चौथा आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो. माथेरान हा अपवाद आहे, डोंगरमाथ्यावरचे एवढेसे गाव, तिथला धडा कर्जतच्या स्टेशन रस्त्याला, खोपोलीच्या बाजारपेठेला किंवा चौक फाट्याला कसा लागू पडेल? मोटारी बंद करणे तिथे शक्य नाही हे खरेच आहे, आणि तसा आग्रह कोणी धरलेला नाही. लागू पडते ती पद्धत. नेदरलँड्स आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. १९७१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक लहान मुले होती. त्यानंतर आईबापांनी ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा नावाची संघटना उभी केली, रस्ते अडवले, तेव्हा कुठे रस्त्यांची आखणी बदलू लागली. पुण्यात नागरिकांच्या संस्थांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर २०१६ साली महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारले, आणि २०२१ पासून डिसेंबरात एक दिवस लक्ष्मी रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवला जाऊ लागला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळा नसलेल्या पदपथावरून चालणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाखालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे सांगितले. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर ३२,८२५ पादचारी मृत्युमुखी पडले, हे केंद्र सरकारचेच आकडे सांगतात. असे असताना पदपथ ही चैन आहे असे कोणी म्हणू नये.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हे काम करण्याची साधने नवी शोधायची नाहीत. ती इथल्याच इतिहासात वापरून झाली आहेत. नगरपालिकेत शिरून तिची सत्ता कष्टकऱ्यांसाठी वापरणे भाई कोतवालांनी दाखवले. कागद वाचून, कायद्याचे कलम शोधून सरकारला बांधून घेणे चैनानींच्या संस्थेने दाखवले. चुकीच्या जागी अडवणारे कलम न्यायालयात नेऊन त्याचा न्याय्य अर्थ लावून घेणे रिक्षा ओढणाऱ्यांनी दाखवले. गावाच्या वेशीवर खरे बोलले जावे म्हणून सर्व धंद्यांनी मिळून बंद पाळणे संघर्ष समितीने दाखवले. शेकडो माणसांनी भर रस्त्याने शिस्तीत चालण्याची व्यवस्था तर कार्तिकीला आळंदीकडे निघणाऱ्या दिंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ध्वज पुढे, रांग एका बाजूला, पाण्याची आणि मुक्कामाची सोय ठरलेली. द्रुतगती मार्ग त्यांना बंद आहे, म्हणून या दिंड्या जुन्या बोरघाटाच्या रस्त्याने अवजड वाहनांच्या शेजारून चढतात. ज्या समाजाला इतकी शिस्तबद्ध पायी यात्रा काढता येते, त्याला आपल्या गावासाठी एक सलग पदपथ मागता येत नाही, असे मी मानत नाही.

या इतिहासाचा निष्कर्ष मी असा काढतो. माथेरानची मोटारबंदी योग्य होती आणि ती टिकली पाहिजे, पण ती न्याय्य झाली ती २०२५ साली, जेव्हा सर्वांत तळाच्या माणसाने आपल्या प्रतिष्ठेचा दावा जिंकला. सहा महिन्यांचा आदेश कागदावर पुरेसा नाही. चौऱ्याण्णवही कुटुंबांच्या हाती चालत्या ई-रिक्षा आणि पोटापुरते उत्पन्न येईपर्यंत नागरिकांनी सरकारच्या मागे लागून राहिले पाहिजे. आणि डोंगराखालच्या गावांनी पुढच्या ग्रामसभेत, नगरपरिषदेच्या पुढच्या सभेत तीन गोष्टी लेखी मागाव्यात : शाळा आणि स्थानक यांना जोडणारा, हातगाडीवाल्याला हुसकावून न लावता मोकळा ठेवलेला पदपथ, महामार्ग आणि द्रुतगती मार्गाने तोडलेल्या प्रत्येक गावाला पायी आणि सायकलने सुरक्षित ओलांडता येईल असा, दिवा असलेला, पाणी न साचणारा भुयारी मार्ग, आणि प्रत्येक वाडीला रुग्णवाहिका पोचेल असा रस्ता. अर्जाची पोच घ्यावी, ठरावाची प्रत मागावी, आणि उत्तर येईपर्यंत एकत्र राहावे.